मुंबईची समुद्रतार आणि चिपमधली तार

१८७० सालच्या जानेवारीअखेर मुंबई बंदरात एक अवाढव्य जहाज येऊन उभे राहिले. नाव 'ग्रेट ईस्टर्न', लांबी ६९२ फूट. सुएझचा कालवा दोन-अडीच महिन्यांपूर्वीच खुला झाला होता, पण हे धूड त्यातून जाणे शक्य नव्हते. ते आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून आले. एरवी काळे असणारे हे जहाज या सफरीसाठी पांढरे रंगवले होते, कारण त्याच्या पोटातल्या टाक्यांमध्ये शेकडो मैल लांबीची केबल पाण्यात बुडवून ठेवली होती आणि केबलवरचे गटापर्चाचे आवरण उन्हाने मऊ पडते. फेब्रुवारीच्या मध्याला जहाज मुंबईहून निघाले आणि महिना संपायच्या आत एडनच्या जवळ पोचले. वाटेत सुमारे १८०० सागरी मैलांची तार अरबी समुद्राच्या तळावर पसरली गेली. एडन ते सुएझ हा टप्पा दुसऱ्या जहाजांनी पुरा केला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इंग्लंडकडचा तुकडा जोडला गेला आणि २३ जूनच्या रात्री लंडनमध्ये जॉन पेंडर या केबल-उद्योजकाच्या घरच्या मेजवानीतून मुंबईशी आणि सिमल्याला असलेल्या व्हाइसरॉयशी संदेशांची देवघेव झाली.

शालेय पुस्तकांत ही हकीकत 'मुंबई लंडनशी तारेने जोडली गेली' अशा एका वाक्यात येते. त्या वाक्यामुळे एक चुकीचे चित्र मनात बसते. लंडनहून मुंबईपर्यंत एकच अखंड तार नव्हती. कॉर्नवॉलच्या टोकावरचे पोर्थकर्नो, मग लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, तिथून जमिनीवरून सुएझ, पुढे एडन आणि मग मुंबई, असे तुकडे होते. प्रत्येक ठाण्यावर एक कारकून आलेला संदेश वाचून घेई आणि पुढच्या तुकड्यावर पुन्हा हाताने पाठवी. वीज प्रकाशाच्या वेगाने धावते असे आपण वर्गात सांगतो. मग एडनला माणूस बसवून संदेश थांबवण्याचे कारण काय? वेळ वाचवण्यासाठीच तो तिथे थांबवला जात होता, हे उत्तर विद्यार्थ्यांना चमत्कारिक वाटेल. ते समजले, तर आजच्या संगणकाच्या चिपमधली एक मोठी अडचणही समजते, कारण गणित तेच आहे.

खांबांवरून नेलेल्या तारेत ही अडचण फारशी जाणवत नव्हती. १८५४-५५ पासून हिंदुस्थानात शहरे जोडणाऱ्या तारा झाल्या, त्या अशाच उघड्या, हवेतून नेलेल्या होत्या. समुद्रतारेची रचना वेगळी. मध्ये तांबे, त्याभोवती गटापर्चा आणि बाहेर खारे पाणी. दोन संवाहक आणि त्यांच्यामध्ये एक विसंवाहक म्हणजे प्रयोगशाळेतले लेडन पात्रच की! फरक इतकाच, की हे पात्र हजारो मैल लांब आहे. मायकेल फॅरडे यांनी १८५४ च्या आरंभी गटापर्चा चढवलेल्या तारांवरचे प्रयोग दाखवून हे मांडले. एका टोकाला बॅटरी जोडली की तारेचे 'पोट' आधी विद्युतभाराने भरावे लागते, मगच दुसऱ्या टोकाला पुरेसा प्रवाह दिसतो. भार साठवण्याच्या या क्षमतेला धारकता म्हणतात. अरुंद आणि फुगू शकणारी लांब रबरी नळी पाण्याने भरत आहोत असे मनात आणावे. नळीचा अरुंदपणा म्हणजे रोध, फुगणे म्हणजे धारकता. तोटी उघडली तरी पलीकडच्या टोकाला धार हळूहळू वाढत जाते.

किती हळू, याचा हिशेब ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५४ च्या अखेरीस केला आणि तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. त्यांना नवे गणित शोधावे लागले नाही. फूरिये यांनी धातूच्या कांबीतून उष्णता कशी पसरते याचे जे समीकरण मांडले होते, तेच तारेला लागू पडते असे त्यांच्या ध्यानात आले. निष्कर्ष असा: तार दुप्पट लांब केली तर विलंब दुप्पट न होता चौपट होतो, तिप्पट केली तर नऊपट. याचे कारण सोपे आहे. लांबी दुप्पट झाली की एकूण रोध दुप्पट होतो आणि एकूण धारकताही दुप्पट होते. विलंब या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो.

हा वर्गाचा नियम शाळेत दाखवता येतो. लोखंडी कांबीला मेणाने टाचण्या चिकटवून एक टोक तापवण्याचा प्रयोग बहुतेक शाळांत होतो, पण त्यात वेळ मोजत नाहीत. एक टाचणी टोकापासून ५ सेंटिमीटरवर आणि दुसरी १० सेंटिमीटरवर लावावी आणि घड्याळ धरावे. दुसरी टाचणी पडायला दुप्पटीपेक्षा खूपच जास्त वेळ लागतो. आदर्श कांबीत तो चौपट असता. आपली कांब बाजूंनीही उष्णता गमावते, म्हणून वर्गात तो त्याहूनही जास्त येईल.

नुसता उशीर हे दुखण्याचे अर्धेच रूप आहे. उरलेले अर्धे समजायला मालवणच्या किनाऱ्यावरचे एक दृश्य उपयोगी पडते. तळाशील-तोंडवली ही वाळूची अरुंद पट्टी आहे. तिच्या एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी. समुद्राच्या बाजूला उभे राहिले की दर काही सेकंदांनी लाट फुटते. पट्टी ओलांडून खाडीवर आले, तर तिथले पाणीही मुखातून त्याच समुद्राला जोडलेले आहे, पण लाटा नाहीत. भरती-ओहोटी मात्र आहे. समुद्राच्या पाण्याची जी हालचाल सावकाश होते ती आतपर्यंत पोचते, जी झटपट होते ती मुखाशीच विरते. (खाडीत लाटा विरण्याची कारणे वेगळी आहेत, साम्य फक्त परिणामापुरते.) समुद्रतारही असेच करते. कारकुनाने बिंदू आणि रेघा भराभर पाठवल्या तर त्या एकमेकींत मिसळून दुसऱ्या टोकाला एक संथ फुगवटा तेवढा दिसतो. सावकाश पाठवल्या तरच सुट्या ओळखू येतात. म्हणजे विलंब सहन केला तरी प्रश्न सुटत नाही. मिनिटाला किती शब्द जातील याचीच त्याने मर्यादा ठरते, आणि केबल कंपनीचे उत्पन्न शब्दांवर असते.

अटलांटिक तार टाकू पाहणाऱ्या कंपनीला हे ऐकायचे नव्हते. तिचे विद्युततज्ज्ञ होते वाइल्डमन व्हाइटहाउस. ते पेशाने शल्यविशारद, पण प्रयोगात वाकबगार. १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी आपल्या मोजमापांच्या आधारे वर्गाचा नियम खोटा असल्याचे जाहीर केले. त्यांची मोजमापे खोटी नव्हती, पण ते मोजत होते ती राशी आणि टॉमसन यांच्या सूत्रातली राशी एक नव्हती. विज्ञानाच्या इतिहासात अशा भांडणांना 'प्रयोग विरुद्ध सिद्धांत' असे नाव देण्याची पद्धत आहे. आमच्या मते या प्रकरणात ते नाव फसवे आहे. टॉमसन यांच्याइतके हाताने काम करणारे सिद्धांती थोडे. तांब्याचे बाजारातले नमुने तपासून त्यांच्या वाहकतेत प्रचंड तफावत असते, हे १८५७ मध्ये त्यांनीच दाखवले. तोवर कंत्राटात तांब्याच्या शुद्धतेची अट घालावी हे कोणाला सुचले नव्हते.

१८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक तार जोडली गेली. तांबे सागरी मैलाला १०७ पौंड, गटापर्चा २६१ पौंड. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले. व्हाइटहाउस यांचा उपाय होता जोर वाढवण्याचा. त्यांनी प्रवर्तन-वेटोळ्यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब लावला. वास्तविक विलंब रोध आणि धारकता यांच्या गुणाकारावर ठरतो, लावलेल्या दाबावर नव्हे. जोराने वेग वाढत नाही, आवरण मात्र फुटते. आधीच सदोष असलेली ती तार तीन-चार आठवड्यांत कायमची मुकी झाली. हिंदुस्थानसाठी तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तारही १८६० मध्ये निकामी झाली. तिथली कारणे मुख्यतः यांत्रिक होती, तरी पैसा बुडाला तो बुडालाच. मग सरकार आणि कंपनी यांनी मिळून चौकशी समिती नेमली. १८६६ च्या यशस्वी अटलांटिक तारेत तांबे ३०० पौंड आणि गटापर्चा ४०० पौंड होते. जाड तांब्याने रोध कमी झाला, जाड आवरणाने धारकता आटोक्यात राहिली. दुसऱ्या टोकाला टॉमसन यांचे आरशाचे विद्युतप्रवाहदर्शक होते. प्रवाह पूर्ण चढण्याची वाट न पाहता, तो चढू लागताच भिंतीवरचा प्रकाशाचा ठिपका हले.

१८७० च्या मुंबई तारेमागे हा सगळा अनुभव होता. त्या काळातल्या केबलचे सर्वसाधारण आकडे घेऊन हिशेब केला तर मुंबई-एडन टप्प्यावर प्रवाह निम्म्यापर्यंत चढायला सेकंदाच्या घरात वेळ लागावा. प्रकाशाला तेवढे अंतर तोडायला सेकंदाचा साठावा-सत्तरावा भागही पुष्कळ. आता एडनच्या कारकुनाकडे वळू. समजा लंडन ते मुंबई ही वाट मुंबई-एडन टप्प्याच्या साडेतीन पट आहे आणि ती एकाच अखंड तारेने जोडली. वर्गाच्या नियमाने ती तार बारा पट मंद झाली असती, आणि मिनिटाला जाणारे शब्दही त्याच प्रमाणात घटले असते. तुकडे केले की हे विलंब नुसते बेरजेने वाढतात, वर्गाने नाही. शिवाय प्रत्येक ठाण्यावर विस्कटलेला संदेश पुन्हा स्वच्छ होऊन निघतो. कारकुनाला वाचायला आणि बोटे चालवायला लागणारा वेळ हा या सोयीचा खर्च.

हे कोणासाठी महत्त्वाचे होते? मुंबईच्या कापूस बाजारासाठी. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लिव्हरपूलला अमेरिकी कापूस मिळेना, तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपले आणि १८६५ मध्ये बँका आणि कंपन्या धडाधड कोसळल्या. लिव्हरपूलचा भाव आपल्या आधी दुसऱ्याला कळणे म्हणजे काय, हे मुंबईकर व्यापारी त्या वेळी चांगलेच शिकले. इराणी आखातातून जाणारी तार त्याच वर्षी सुरू झाली होती, पण तुर्कस्तानच्या जमिनीवरच्या ठाण्यांतून संदेश यायला कित्येक दिवस लागत आणि मजकुराची मोडतोडही होई. समुद्रतारेने दिवसांचे तास केले.

कारकुनाची जागा यंत्र घेईपर्यंत अर्धे शतक गेले. मधल्या काळात ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी टॉमसन यांच्या समीकरणातली उणीव दाखवली. टॉमसन यांनी तारेचे स्वयंप्रवर्तन सोडून दिले होते. ते योग्य प्रमाणात मुद्दाम वाढवले तर संदेश विस्कटत नाही, असे १८८७ मध्ये हेव्हिसाइड यांनी सिद्ध केले. इंग्लंडच्या टपाल खात्याचे प्रमुख अभियंते त्यांच्या विरोधात होते, आणि शेवटी १९०० च्या सुमारास अमेरिकेत पुपिन आणि कॅम्बेल यांच्या वेटोळ्यांनी ही कल्पना टेलिफोनच्या तारांवर चालू झाली. चिपमधल्या बारीक तारांत रोधच इतका मोठा असतो की स्वयंप्रवर्तनाचा हा उपाय तिथे लागू पडत नाही. म्हणून आपल्या कथेत त्याचे काम एवढेच.

पुढे संगणक आले तेव्हा तारेतला विलंब लोक जवळजवळ विसरून गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. नळ्यांच्या मंडलांची कामे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात चालत. खोलीभर पसरलेल्या यंत्रातली काही मीटरची तार संकेत पोचवायला काही दशक नॅनोसेकंद घेई. कपाटातली तार लांब की आखूड, याची चिंता करण्याचे फारसे कारण नव्हते. १९७६ च्या 'क्रे-१' महासंगणकात मात्र घड्याळाचा ठोका १२.५ नॅनोसेकंदांचा होता. सेमूर क्रे यांनी यंत्राला इंग्रजी 'C' अक्षरासारखा आकार देऊन कोणतीही तार चार फुटांपेक्षा लांब होऊ दिली नाही. तेथे प्रश्न धावण्याच्या वेळेचा होता, भरण्याच्या वेळेचा नव्हे. हे दोन विलंब वेगळे आहेत आणि विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. धावण्याचा विलंब लांबीच्या प्रमाणात वाढतो, भरण्याचा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात.

चिप आली आणि टॉमसन यांचे समीकरण पुन्हा दारात उभे राहिले. चिपमधली तार ही एक छोटीशी समुद्रतारच आहे. धातूची बारीक पट्टी, तिच्याभोवती सिलिकॉन डायऑक्साइडचे म्हणजे काचेचे आवरण, आणि समुद्राच्या जागी शेजारच्या तारा व खालचे सिलिकॉन. १९७४ मध्ये आय.बी.एम.चे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रान्झिस्टर लहान करत गेल्यास तो त्याच प्रमाणात वेगवान होतो हे दाखवणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यातच एक इशारा आहे, ज्याकडे बरीच वर्षे कोणी फारसे पाहिले नाही. तारेची रुंदी, जाडी आणि लांबी तिन्ही निम्मी केली तर रोध दुप्पट होतो आणि धारकता निम्मी. गुणाकार जिथल्या तिथे. ट्रान्झिस्टर पुढे धावतो, तार जागची हलत नाही. आणि चिपच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी तार तर आखूडही होत नाही, कारण चिप लहान न होता तिच्यात जास्त मंडले भरली जातात. अशा तारेचा विलंब दर वेळी चौपट होतो.

एक उदाहरण सोडवून पाहू. एक सेंटिमीटर लांबीची तार, एकूण रोध १००० ओहम, एकूण धारकता २ पिकोफॅरड. गुणाकार २ नॅनोसेकंद. रोध आणि धारकता लांबीभर सारखी पसरलेली असल्याने दूरचे टोक निम्म्या दाबापर्यंत यायला याच्या सुमारे ०.३८ पट, म्हणजे ०.७६ नॅनोसेकंद लागतात. काचेतून प्रकाश हेच अंतर सुमारे ०.०५ नॅनोसेकंदात तोडतो. आता तारेचे चार समान तुकडे करून मध्ये तीन पुनःप्रेषक बसवू. पुनःप्रेषक म्हणजे दोन-चार ट्रान्झिस्टरांचे साधे मंडल, प्रत्येकाचा विलंब ०.०५ नॅनोसेकंद धरू. एका तुकड्याचा विलंब मूळच्या एक-सोळांश, चारांचा मिळून ०.१९, तीन पुनःप्रेषकांचा ०.१५, एकूण ०.३४ नॅनोसेकंद. वाटेत तीन ठिकाणी थांबूनही संकेत निम्म्याहून कमी वेळात पोचला! मग आठ तुकडे का करू नयेत? हिशेब केल्यास एकूण ०.४४ च्या वर जातो. तारेचा विलंब आणखी घटतो, पण सात पुनःप्रेषकांचा त्याहून जास्त वाढतो. या उदाहरणात चार हाच सर्वोत्तम आकडा आहे, हे विद्यार्थ्यांनी तीन आणि पाच तुकड्यांसाठी करून पाहावे. तुकडे किती आणि पुनःप्रेषक केवढा, याचे चिपसाठीचे पद्धतशीर गणित बाकोग्लू आणि माइंडल यांनी १९८५ मध्ये मांडले. एडनचा कारकून असा शंभराहून अधिक वर्षांनी परत कामावर आला.

केबलवाल्यांचे दुसरे दोन उपायही परत आले. तांबे आणि चांगले आवरण. चिपमध्ये सुरुवातीपासून ॲल्युमिनियमच्या तारा होत्या. तांब्याची रोधकता त्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी, पण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये झिरपले तर ट्रान्झिस्टर नासतो. शिवाय ॲल्युमिनियमप्रमाणे वायूच्या साहाय्याने कोरून तांब्याच्या रेषा काढता येत नाहीत. आय.बी.एम.ने १९९७ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत काम उलटे केले. आधी आवरणात चर कोरायचे, चरांना टँटॅलमसारख्या धातूचे अस्तर द्यायचे, त्यात तांबे भरायचे आणि वरचे जादा तांबे घासून सपाट करायचे. बिदरीचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तिथेही काळ्या धातूत चर खोदून चांदी ठोकून बसवतात आणि मग घासतात. इंग्रजीत या पद्धतीला दमास्कसच्या अशाच जडावकामाचे नाव पडले. आपल्याकडे शोध लागता तर बीदरचे पडले असते! पाठोपाठ काचेच्या आवरणात कार्बन मिसळून धारकता कमी करण्यात आली.

तरीही तार मागेच राहिली. इंटेलच्या २००० सालच्या 'पेन्टियम-४' मध्ये प्रत्येक सूचना वीस पायऱ्यांतून जाई. त्यातल्या दोन पायऱ्यांवर कसलीही आकडेमोड होत नसे. संकेत चिपच्या एका भागातून दुसऱ्या भागात पोचावा, एवढ्यासाठीच त्या राखलेल्या होत्या. आता तर तारा इतक्या बारीक झाल्या आहेत की इलेक्ट्रॉन तारेच्या कडांवर आदळून विखुरतात आणि तांब्याची रोधकताच वाढते. त्यामुळे अगदी खालच्या थरांत कोबाल्ट, रुथेनियम अशा धातूंचे प्रयोग झाले आहेत.

सगळ्यांत कठीण तार असते घड्याळाची. ठोका चिपच्या प्रत्येक कोपऱ्यात एकाच क्षणी ऐकू आला पाहिजे. उशीर झाला तरी चालेल, पण सर्वांना सारखा झाला पाहिजे. त्या तारा रुंद केल्या तर रोध घटतो, पण धारकता वाढते, आणि दर ठोक्याला ती धारकता भरण्या-रिकामी करण्यात वीज खर्च होते. वेगवान प्रक्रियकांसाठी या रुंदीचा मेळ कसा घालावा यावर १९९६ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीतून आलेल्या निबंधाचे पहिले लेखक माधव देसाई होते. पुढे पवईच्या आय.आय.टी.त त्यांच्या गटाने 'अजित' हा प्रक्रियक घडवला. २०१९ च्या सुमारास तो जाहीर झाला, आणि त्याची चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्राने तयार झाली. त्याचे घड्याळ सेकंदाला दहा कोटी ठोक्यांच्या आसपासचे, म्हणजे एक ठोका सुमारे दहा नॅनोसेकंदांचा. वरच्या उदाहरणातली एक सेंटिमीटरची तार तेथे असती तर तुकडे न करताही ती ठोक्याच्या तेराव्या भागात भरून झाली असती. त्याच तारेला दहापट वेगाचे घड्याळ लावले, की ठोक्यातला तीन-चतुर्थांश वेळ तार भरण्यातच जातो आणि आकडेमोडीला उरतो पाव नॅनोसेकंद.